झाकणाखालचे जीव

नॉफोएटा सिनेरिया हे मूळचे पूर्व आफ्रिकेतले झुरळ. रंग राखाडी-तपकिरी, लांबी अडीच-तीन सेंटिमीटर, डोक्यामागच्या ढालीवर शेवंडासारखी दिसणारी नक्षी. त्या नक्षीवरूनच पाळणाऱ्यांत ते ‘लॉब्स्टर रोच’ म्हणून ओळखले जाते. पाळीव पाली, झाडबेडूक, टॅरँटुला अशा कीटकभक्षी प्राण्यांना खाऊ घालण्यासाठी ते देशोदेशी डब्यांतून वाढवतात. त्याच कामाला येणारे दुसरे झुरळ म्हणजे कॅरिबियन बेटांवरचे पँक्लोरा निव्हिया. त्याचे प्रौढ फिकट हिरवे आणि उडणारे असतात, पिल्ले मात्र तपकिरी आणि मातीत दडून राहणारी. या दोन्ही जातींत अंड्यांची पिशवी मादीच्या पोटातच राहते आणि जिवंत पिल्ले बाहेर येतात. दोन्हींचे प्रौढ गुळगुळीत काचेवर सहज चढतात. खाद्य म्हणून याहून जास्त पाळले जाणारे ‘ड्युबिया’ झुरळ काचेवर चढू शकत नाही. उंच, गुळगुळीत भिंतींचा डबा त्याला पुरेसा होतो. चढणाऱ्या जातींच्या बाबतीत सगळी भिस्त झाकणावर आणि डब्याच्या कडेवर असते.

या झाकणापाशी एक जुना धर्मप्रश्न उभा राहतो. एक जीव दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा म्हणून जन्माला घालायचा, त्यासाठी वाढवायचा आणि तोवर तो निसटू नये याची तजवीज करायची, हे कृत्य कोणत्या प्रकारात मोडते? हा प्रश्न बहुधा शेवटाकडून विचारला जातो: पालीने झुरळ खाल्ले, तर पाप कोणाचे? पण पालीच्या तोंडातला तो क्षण फार थोडा असतो. त्याआधी झुरळाचे महिनेच्या महिने डब्यात गेलेले असतात आणि त्या काळात त्याची ऊब, त्याचे पाणी, त्याची हवा, त्याची गर्दी, सारे काही एका माणसाच्या हाती असते. नैतिक जबाबदारीचा मोठा वाटा त्या महिन्यांत आहे. तो समजून घ्यायचा तर आधी डबा नीट पाहावा लागतो.

झुरळ काचेवर टिकते ते त्याच्या पायांच्या रचनेमुळे. पायाच्या टोकाला दोन नख्या असतात आणि त्यांच्या मध्ये एक मऊ गादी. त्याखेरीज पायाच्या शेवटच्या सांध्यांखाली छोट्या उशांसारखे उंचवटे असतात. या भागांवर द्रवाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याच्या जोरावर पाय काचेला धरून राहतात. नॉफोएटावरच झालेल्या एका प्रयोगातून या दोन अवयवांतली कामाची वाटणी दिसून आली. झुरळ सरळ वर चढत असताना शरीराच्या वर असलेले पुढचे पाय ओढतात आणि ते नख्यांमधली गादी वापरतात. खालचे मागचे पाय ढकलतात आणि ते उंचवट्यांवर भार घेतात. खडबडीत पुठ्ठ्यावर नख्यांनीच भागते. ज्याला आपण घरात चपलेखाली चिरडतो, त्याच्या एका पावलात एवढी कारागिरी आहे, आणि अहिंसेच्या चर्चेत तिची आठवण ठेवलेली बरी.

ही पकड निष्प्रभ करण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिला व्हॅसलीनचा. डब्याच्या आतल्या बाजूने, वरच्या कडेलगत चार-पाच बोटे रुंदीचा पातळ पट्टा फिरवतात. पायावरच्या गादीला तिथे काच सापडत नाही आणि झुरळ मागे फिरते. पट्टा जाड झाला तर नवजात पिल्ले त्यात रुतून मरतात. फार पातळ झाला किंवा त्यावर विष्ठेची भुकटी बसली, तर मोठी झुरळे तो ओलांडतात. उन्हाळ्यात तो ओघळतो. म्हणून काही आठवड्यांनी जुना पट्टा कागदाने पुसून नवा लावावाच लागतो. दुसरा मार्ग फ्लुऑन नावाने विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या द्रवाचा. न चिकटणाऱ्या तव्यांना असतो त्याच जातीच्या प्लास्टिकचे बारीक कण त्यात पाण्यात मिसळलेले असतात. कडेला त्याचा हात फिरवून तो सुकवला की घसरडा, भुकटीसारखा थर उरतो. तो मुंग्यांनाही रोखतो, म्हणून प्रयोगशाळांतून त्याचा वापर फार. हात लागला किंवा ओल धरली की मात्र तो निकामी होतो. हिरव्या पँक्लोराला कडेचा पट्टा पुरत नाही, कारण प्रौढ उडतात आणि उजेडाकडे झेपावतात. तिथे घट्ट बसणारे झाकणच लागते. हवेसाठी झाकणाला जे भोक पाडतात त्यावर स्टीलची बारीक जाळी बसवतात. प्लास्टिकची जाळी झुरळे कुरतडतात. नवजात पिल्लू जेमतेम काही मिलिमीटरचे आणि चपटे असते, त्यामुळे जाळीची छिद्रे मिलिमीटरहून लहान असावी लागतात. सावध पाळणारे हा डबा आणखी एका मोठ्या डब्यात ठेवतात. पिल्ले काढायची वेळ आली की सारे काम स्नानगृहाच्या पांढऱ्या टबात किंवा खोल पातेल्यात करतात, म्हणजे निसटलेले एखादे लगेच नजरेस पडते.

एवढी खबरदारी कशासाठी? झुरळाची घरात किळस वाटते म्हणून, हे उत्तर खरे असले तरी उथळ आहे. नॉफोएटा उष्ण प्रदेशांत माणसाच्या मागोमाग पसरलेली जात आहे. हवाई बेटांवर ती स्थिरावली आहे आणि फ्लोरिडातल्या पशुखाद्याच्या गिरण्यांतही ती सापडली आहे. जिच्या पोटात पिल्ले आहेत अशी एक मादी निसटली तरी नवी वसाहत होऊ शकते. नराशी संयोग न झालेल्या नॉफोएटा मादीलाही क्वचित पिल्ले होतात, असे प्रयोगांत दिसले आहे. अशी पिल्ले थोडी आणि सगळी मादीच असतात. कोकणासारख्या दमट, उबदार प्रदेशात अशा जातीला घराबाहेरही जगायला जागा मिळू शकते. मग परक्या जातीचा उपद्रव, विषारी फवारे आणि त्या फवाऱ्यांत मरणारे इतर असंख्य जीव अशी साखळी सुरू होते. झुरळांच्या विष्ठेतून आणि कातेच्या भुकटीतून माणसाला दमा व ॲलर्जी होते, हेही वैद्यकाला चांगले ठाऊक आहे.

यातून जीवदयेच्या एका रूढ कल्पनेला धक्का बसतो. आपल्याकडे बंदिस्त जिवाला मोकळे करणे हे पुण्यकर्म मानले जाते. पिंजऱ्यातले पोपट विकत घेऊन सोडणे, खाटकाच्या हातून बकरा सोडवणे, यांमागे अभयदानाची मोठी परंपरा आहे. खाद्य म्हणून पाळलेल्या परदेशी झुरळाला मात्र हे दान देता येत नाही. त्याला मोरीत सोडले तर ते बहुधा उपासमारीने किंवा विषाने मरेल, आणि जगलेच तर इतर जिवांचा घात करील. म्हणजे ज्याने एकदा झाकण लावले, त्याला ते उघडून सुटका करून घेण्याचा मार्ग उरत नाही. डब्यात पहिली जोडी टाकली त्या दिवशीच पुढच्या सगळ्या पिढ्यांचा भार अंगावर येतो. बहुतेक धर्मचर्चा मरणाच्या क्षणावर थांबते, त्यामुळे हा भार तिच्यातून निसटून जातो.

जैन विचार इथे फार बारकाईने पाहतो. त्याने जिवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येवर केली आहे. कृमी दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, भुंगा चार आणि माणूस पाच. झुरळाला स्पर्श, चव आणि वास आहे, शिवाय हजारो भिंगांचे डोळे आहेत. या हिशोबाने त्याची जागा भुंग्याजवळ ठरते. स्वतःहून हालचाल करणाऱ्या अशा त्रस जिवांची जाणूनबुजून हत्या गृहस्थालाही वर्ज्य आहे. त्याहून महत्त्वाचे आहेत ते अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत न मोडताही त्याला डाग लावणारी कृत्ये: बांधून किंवा कोंडून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे (छविच्छेद), जादा ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. तत्त्वार्थसूत्रात ही पाचही दिली आहेत. त्यांत पहिले कृत्य कोंडण्याचे आणि शेवटचे अन्नपाण्याचे, आणि झुरळांच्या डब्यात नेमके हेच दोन प्रश्न रोज उद्भवतात. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांची यादीही या परंपरेत आहे. त्यात लाखेचा व्यापार येतो, कारण लाख काढताना किडे मरतात. त्याच यादीतल्या असतीपोषणाचा अर्थ सांगताना बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांचे पैशासाठी पालन करणेही त्यात घातले आहे. म्हणजे पाल पाळून विकणाऱ्याचा धंदा आणि तिच्यासाठी झुरळे पैदा करणाऱ्याचा धंदा, दोन्ही त्या वर्ज्य रेषेच्या आत येतात. जैन परंपरा गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार करते: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. शेतकऱ्याच्या नांगराखाली जीव मरतो ती उद्योगी हिंसा आणि स्वयंपाकात मरतो ती आरंभी. खाद्यासाठी झुरळ पैदा करणे यांपैकी कशात बसवायचे? पोट भरण्यासाठीचा उद्योग म्हणून त्याला सूट मागता येईल. पण हौसेसाठी पाल पाळणाऱ्याला तीही मागता येत नाही. त्याची हिंसा संकल्पीच्या अगदी जवळ जाते.

आधुनिक भारतीय कायद्याचा या परंपरेशी सरळ संबंध नाही, तरी दोहोंची नजर काही ठिकाणी एकाच गोष्टीकडे वळते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यात ‘प्राणी’ या संज्ञेत माणूस सोडून कोणताही सजीव येतो. कीटकांना त्यातून वगळलेले नाही. ताब्यातल्या प्राण्याच्या हिताची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य हा कायदा ताबेदारावर टाकतो. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात किंवा पात्रात कोंडणे आणि अन्नपाणी न देणे या गोष्टी तो क्रूरतेत मोजतो. केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य व्हावे अशा तऱ्हेने कोंडणेही त्यात येते. झुरळांसाठी कोणी पोलीस चौकी गाठणार नाही, हे उघड आहे. तरीही ‘केवळ करमणुकीसाठी’ हे शब्द या विषयात विचार करायला लावतात. भुकेल्या पालीला खाऊ घालणे वेगळे आणि शिकार पाहण्याची मौज म्हणून पाहुण्यांसमोर झुरळ सोडणे वेगळे. बाहेरून दोन्ही कृत्ये सारखीच दिसतात.

पालीच्या बाजूनेही बोलायला हवे, आणि भारतीय कथापरंपरेने ती बाजू फार सचोटीने मांडली आहे. शिबी राजाच्या कथेत कबुतर ससाण्याच्या भीतीने राजाच्या मांडीवर येते आणि राजा त्याला अभय देतो. ससाणा तिथे खलनायक ठरत नाही. तो युक्तिवाद करतो: हे माझे विहित अन्न आहे, ते अडवून मला आणि माझ्यावर अवलंबून असलेल्यांना उपाशी मारणे हा कसला धर्म? कबुतराला वाचवणे म्हणजे ससाण्याला मारणे, ही अडचण राजाला मान्य करावी लागते. महाभारतातल्या या कथेच्या एका पाठात राजाचे नाव उशीनर आहे. त्यात अखेरीस स्वतःचे मांस कापून देण्याआधी राजा बैल, डुक्कर, हरीण, रेडा असे पर्याय सुचवून पाहतो. कथेचा हा भाग सांगताना बहुतेक गाळला जातो. आपल्या नजरेत ज्याची किंमत कमी, तो जीव पुढे करून ज्याच्यावर माया जडली त्याला वाचवायचे, ही माणसाची पहिली प्रतिक्रिया आहे आणि झुरळांच्या डब्यामागे तीच आहे. उंदराचे पिल्लू पालीसमोर टाकताना ज्याचा हात थरथरतो, तो झुरळ टाकताना दोनदा विचार करत नाही. जैनांनी हीच कथा शांतिनाथ तीर्थंकरांच्या पूर्वजन्मातल्या मेघरथ राजाची म्हणून सांगितली आहे आणि तिथेही तागडीत अखेर राजाचे स्वतःचेच मांस पडते.

तरी शिबी आणि पाल पाळणारा यांच्यात एक मोठा फरक राहतो. ससाणा राजाने पाळलेला नव्हता. रानातली पाल जे खाते त्याचा हिशोब कोणा माणसाच्या खात्यावर मांडता येत नाही, कारण ती आपल्या स्वभावाने आणि आपल्या कष्टाने जगते. काचपेटीतली पाल मात्र माणसाने आणलेली असते. तिची भूक आता त्याची जबाबदारी आहे आणि त्या भुकेपायी दुसरा डबा भरावा लागतो. एका बंदिवासातून दुसरा बंदिवास जन्मतो. म्हणून झुरळ मारावे की नाही याआधी पाल ठेवावी की नाही हा प्रश्न येतो. जखमी होऊन आलेल्या, रानात परत सोडता न येणाऱ्या कीटकभक्षी प्राण्याची गोष्ट निराळी. त्याला उपाशी ठेवणे हा शेवटच्या अतिचाराचाच प्रकार होईल. हौसेने विकत घेतलेल्या पालीची बाजू त्या मानाने दुबळी आहे.

जीव जीवावर जगतो, हे वचन इथे नेहमी पुढे केले जाते. भागवतात ते नारदाच्या तोंडी येते, आणि धृतराष्ट्र, गांधारी व विदुर निघून गेल्यानंतर शोकाकुल झालेल्या युधिष्ठिराचे सांत्वन करताना येते. हात असलेले हात नसलेल्यांवर जगतात, मोठे लहानांवर जगतात, असे ते जगाचे वर्णन आहे. एखाद्याने डबा भरून पैदास करावी अशी परवानगी त्यातून निघत नाही. यापेक्षा गृहस्थाच्या पंचसूनांची कल्पना या प्रश्नाला अधिक उपयोगी पडते. मनुस्मृतीने चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या घरातल्या पाच जागा वधस्थाने म्हणून मोजल्या आहेत, कारण तिथे नकळत जीव मरतात. त्यावर उपाय म्हणून पाच महायज्ञ सांगितले आहेत आणि त्यांतल्या भूतयज्ञात किड्यांसाठीही जमिनीवर अन्न ठेवायचे असते. ज्या घरात नकळत किडे मरतात त्याच घराने किड्यांना घास द्यावा, हा हिशोब सुंदर आहे. पण तो नकळत घडणाऱ्या हिंसेचा आहे. वनपर्वातला धर्मव्याध हा मिथिलेचा मांसविक्रेता कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगरताना, चालताना, झोपतानाही जीव मरतात, आणि पूर्णपणे अहिंसक असा कोणी नाही. त्याच्या बोलण्यात कोडगेपणाचा लवलेशही नाही. आपल्या वाट्याला आलेल्या कर्माचा दोष जाणून तो कमीत कमी करत राहणारा तो माणूस आहे. झुरळे पाळणाऱ्याला कोणाचा आधार घ्यायचाच असेल, तर तो धर्मव्याधाचा घेता येईल, आणि तोही त्याच्या या अटीसकट.

यावर नेहमीचा आक्षेप असा की झुरळाला काही जाणवतच नाही. त्याला आधार आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या शास्त्रीय लेखात कीटकांच्या वागण्यातली उदाहरणे दिली होती. पाय चिरडलेला कीटक त्या पायावर पूर्वीइतकाच भार देऊन चालतो. दुसऱ्याकडून खाल्ला जात असतानाही कीटक आपले खाणे थांबवत नाही. यावरून वेदना ही कीटकांत नसावी असा निष्कर्ष निघत होता. गेल्या काही वर्षांत मात्र चित्र पालटले आहे. २०२२ साली लंडनमधल्या संशोधकांच्या एका गटाने, ज्यात तत्त्वज्ञ जोनाथन बर्च आणि मधमाश्यांचे अभ्यासक लार्स चिटका होते, कीटकांच्या वेगवेगळ्या गणांबद्दलचे पुरावे आठ कसोट्यांवर तपासले. इजेची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते का, तिथे इतर माहितीशी तिचा मेळ बसतो का, वेदनाशामकाने वागणे बदलते का, अशा त्या कसोट्या होत्या. प्रौढ माश्या-डासांच्या गणाने आणि झुरळे-वाळवीच्या गणाने आठपैकी सहा कसोट्या पूर्ण केल्या. तपासलेल्या गणांत हे गुण सर्वांत वरचे होते. २०२४च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये जाहीर झालेल्या प्राण्यांच्या जाणिवेविषयीच्या निवेदनानेही कीटकांत जाणीव असण्याची वास्तव शक्यता मान्य केली. ब्रिटनचा २०२२चा प्राणिसंवेदना कायदा मात्र खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपस यांच्यापर्यंत येऊन थांबतो. किडे अजून बाहेर आहेत. शक्यता म्हणजे सिद्धता नव्हे, हे खरे. पण डब्यात हजारो जीव असतील तेव्हा लहान शक्यतेलाही हजारांनी गुणावे लागते.

महाभारताने हा प्रश्न प्रयोगशाळेविना, एका किड्याच्या तोंडून सोडवला आहे. अनुशासनपर्वात एक किडा गाडीच्या वाटेवरून जीव घेऊन पळताना दिसतो. व्यास त्याला विचारतात की तुझ्यासारख्या योनीत जगण्यात असे काय आहे की तू मरणाला भितोस? किडा उत्तर देतो की बैलांच्या धापा आणि गाडीचा खडखडाट कानी येतो, मरण सर्वांनाच दुःखाचे आहे आणि माझे जगणे मला प्रिय आहे. त्या आख्यानात हा किडा पुढे क्षत्रिय आणि मग ब्राह्मण होतो. आदिपर्वातली मांडव्य ऋषींची गोष्ट याच धाग्याची. सुळावर चढवल्या गेलेल्या या ऋषीने धर्मराजाला आपला अपराध विचारला, तेव्हा उत्तर मिळाले की लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. ऋषीला ही शिक्षा अवाजवी वाटली. त्याने धर्माला शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, तोच विदुर, आणि चौदा वर्षांखालील मुलाच्या कृत्याला पाप लागणार नाही अशी मर्यादा घातली. किड्याला दिलेली पीडा मोजली जाते हे मात्र मांडव्यानेही नाकारले नाही. त्याचा आक्षेप फक्त बालपणाच्या आणि शिक्षेच्या प्रमाणाच्या बाबतीत होता. डबा ठेवणारा प्रौढ त्या सवलतीत बसत नाही.

मग झाकणाच्या आत काय देणे लागते? पहिली गोष्ट जागा आणि आडोसा. ही झुरळे निशाचर असतात आणि पाठ-पोट दोन्ही कुठेतरी टेकलेली असली की निवांत राहतात. म्हणून डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावतात. उभे लावले की विष्ठा खाली पडते आणि बसायच्या जागा कोरड्या राहतात. पँक्लोराच्या पिल्लांना पुठ्ठा चालत नाही, त्यांना ओलसर माती, कुजलेला पाला आणि लाकूड लागते. ऊब साधारण सत्तावीस ते बत्तीस अंश सेल्सिअस, आणि ती डब्याच्या एकाच बाजूला, म्हणजे झुरळाला हवे तेव्हा थंडाव्याकडे सरकता येते. मुंबईच्या मे महिन्यात ऊब द्यावी लागत नाही. तिथे बंद डबा खिडकीच्या उन्हात राहिला तर काही तासांत सगळी वसाहत होरपळून मरते, आणि निष्काळजीपणाने होणाऱ्या हत्येचे हे सर्वांत मोठे कारण म्हणता येईल. पाण्याची उघडी वाटी पिल्लांचे जलसमाधीस्थान होते. गाजराचे काप, दुधी भोपळ्याच्या फोडी किंवा पाणी धरून ठेवणारी जेली द्यावी. कोरडे धान्य, कोंडा आणि थोडी प्रथिने कायम हवीत, नाहीतर झुरळे एकमेकांचे पंख आणि नुकतीच कात टाकलेली, अजून पांढरी आणि मऊ अशी भावंडे कुरतडू लागतात. गर्दी वाढली की हेच घडते. नॉफोएटाच्या नरांत हुकमत गाजवणारे आणि दबलेले अशी उतरंड असते, आणि दबलेल्याला लांब जायला जागा नसेल तर तो मार खात राहतो. उलट अगदी एकटे ठेवणेही बरे नाही. घरात आढळणाऱ्या जर्मन झुरळावरच्या प्रयोगांत एकटे वाढवलेले पिल्लू सावकाश वाढते, असे दिसले आहे. बुरशी आलेले अन्न काढणे आणि मेलेली झुरळे वेचणे हे रोजचे नाही, पण नियमाने करायचे काम आहे. व्हॅसलीनचा पट्टा तपासायचा तो याच वेळी.

मरणाबाबत काही गोष्टी निश्चित सांगता येतात. पालीला भूक असेल तेव्हाच आणि ती एका बैठकीत खाईल तेवढीच झुरळे द्यावीत. न खाल्लेली तासाभराने परत डब्यात घ्यावीत. रात्रभर काचपेटीत राहिलेले झुरळ भुकेने पालीच्याच कातडीला चावे घेऊ शकते, आणि ते स्वतः तोवर भक्षकाच्या समोर सतत उघड्यावर असते. पाय तोडून किंवा डोके चिरडून अर्धमेले झुरळ देण्याची सवय काहींना असते. हा सरळ छविच्छेद आहे आणि तो कशानेही समर्थनीय ठरत नाही. जी पाल चिमट्यातून मेलेले किंवा तयार खाद्य घेते, तिला जिवंत भक्ष्य देण्याचे कारणच उरत नाही. पैदास गरजेपेक्षा पुढे जाऊ देणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ती टाळायची तर ऊब कमी ठेवून पैदास मंदावता येते, शिवाय माद्या वेगळ्या काढता येतात. जादा झालेली झुरळे संपवायचीच असतील तर आधी थंड करून निपचित पडू द्यावीत आणि मग गोठवावीत, ही पद्धत रूढ आहे. ती पूर्णपणे वेदनारहित आहे का, याविषयी मतभेद आहेत. तरी उकळते पाणी किंवा फवारा यांच्यापेक्षा ती बरी म्हणावी लागते.

गुजरातच्या काही पांजरपोळांत पूर्वी किड्यांसाठी स्वतंत्र खोली असे. तिला जीवातखाना म्हणत. घरोघरच्या धान्यातले किडे तिथे आणून टाकत, सोबत धान्य ठेवत आणि खोली बंद करत. एकोणिसाव्या शतकात सुरतेच्या पांजरपोळातली अशी धान्याची जागा अलेक्झांडर बर्न्सने पाहून लिहून ठेवली. जीवातखान्यातही किडे कोंडलेलेच होते, अंधारात आणि गर्दीत, आणि तिथेही ते एकमेकांना खात असणार. फरक हेतूचा होता. तिथे ते कोणाच्या तोंडी जाण्यासाठी ठेवलेले नव्हते आणि त्यांची संख्या वाढवण्यात कोणाचा लाभ नव्हता. तरीही दार लावल्यावर आत धान्य किती उरले, ओल किती झाली, हे कोणीतरी पाहावे लागे. पाळणे सोडायचे ठरवणाऱ्याला जीवातखान्याचा तोच मार्ग काही काळ मोकळा राहतो: पालीसाठी झुरळे काढणे बंद करायचे, ऊब कमी करायची, नर-मादी वेगळे करायचे, पट्टा आणि जाळी पूर्वीइतकीच कडक ठेवायची, आणि उरलेल्या प्रौढांना त्यांच्या आयुष्याचे राहिलेले महिने अन्नपाणी देत राहायचे. नॉफोएटा वर्षभराच्या आसपास जगते. त्या काळात पोटात पिल्ले असलेल्या माद्यांची शेवटची पिढी बाहेर येते, तिलाही हाच हिशोब लागू होतो, आणि डबा खऱ्या अर्थाने रिकामा व्हायला दोन वर्षे लागू शकतात.